मदत हवी आहे: मासळीवरचा मराठी ब्लॉग, ब्लॉगर की वर्डप्रेस? आणि साचा कसा पारखावा?

ओहोटी

मुंबईच्या बाजारात मिळणाऱ्या मासळीवर मराठी ब्लॉग सुरू करायचा आहे. एका माशावर एक लेख: ओळखायचा कसा, ताजा आहे हे कशावरून कळतं, साफ केल्यावर किती उरतो, कोणत्या महिन्यांत चांगला मिळतो आणि शेवटी कालवणाची किंवा तळणीची कृती. पंधरा लेख लिहून तयार आहेत. भाऊचा धक्का, ससून डॉक, माहीम आणि क्रॉफर्ड मार्केटमधले चारेकशे फोटो आहेत, सगळे फोनवर काढलेले, प्रत्येकी ४-५ एमबीचे.

अडलंय ते असं. फुकटात ब्लॉगरवर सुरू करू की होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) घेऊन वर्डप्रेसवर? वर्षाला तीन हजारांपर्यंत खर्च चालेल. कोडिंग येत नाही, पण कुठे काय चिकटवायचं ते नीट सांगितलं तर जमेल. दुसरी अडचण साच्यांची, म्हणजे थीमची. नमुन्यात जे सुंदर दिसतात त्यांत मराठी शीर्षक टाकलं की वेलांट्या वरून कापल्या जातात, शिरोरेषेला अक्षरागणिक फटी पडतात आणि 'तिसऱ्या' हा शब्द तर ओळखूच येत नाही. वाचणारे बहुतेक जण व्हॉट्सॲपवर आलेला दुवा फोनवर उघडतील, तेही लोकलमध्ये उभ्याने. हे सगळं धरून काय निवडावं?

कळफलक

आधी स्वतःचं डोमेन, म्हणजे स्वतःच्या नावाचा वेबपत्ता घ्या, ब्लॉगर की वर्डप्रेस ते त्यानंतर. पत्ता तुमच्या नावावर असला की खालचं घर कधीही बदलता येतं. ब्लॉगस्पॉटच्या पत्त्यावर वर्षभर लिहिलंत आणि मग हललात, तर लोकांनी पुढे पाठवलेले सगळे दुवे जुन्याच पत्त्यावर राहतात.

ब्लॉगर २००३ पासून गूगलकडे आहे. होस्टिंग फुकट, एसएसएल (एचटीटीपीएसची सुरक्षित जोडणी) फुकट, स्वतःचं डोमेन जोडायलाही पैसे पडत नाहीत. म्हणजे खर्च फक्त डोमेनचा, आणि तो तुमच्या तीन हजारांत आरामात बसतो. 

वर्डप्रेस म्हणताना लोक दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतात. वर्डप्रेस डॉट कॉम ही सेवा आहे. तिच्या फुकट प्लॅनमध्ये १ जीबी जागा मिळते, त्यांच्या जाहिराती तुमच्या लेखात येतात आणि स्वतःचं डोमेन जोडता येत नाही. वर्डप्रेस डॉट ऑर्गवर मिळतं ते सॉफ्टवेअर. ते फुकट आहे, पण होस्टिंग तुम्ही घ्यायचं, अपडेट तुम्ही करायचे, बॅकअपही तुम्हीच बघायचा. होस्टिंगच्या जाहिरातीतला महिन्याचा दर बहुधा तीन-चार वर्षांचे पैसे एकदम भरले तरच लागू असतो. त्यामुळे नूतनीकरणाचा दर शोधा, त्यावर १८ टक्के जीएसटी धरा आणि मग तुलना करा.

तुमच्या गरजेला माझं मत: स्वतःचं डोमेन आणि ब्लॉगर. पुढे वर्डप्रेसवर जायचं झालं तर ब्लॉगरचे लेख आयात करता येतात. तिथे पर्मालिंकची (लेखाच्या कायमच्या पत्त्याची) रचना 'वर्ष, महिना, लेखाचं नाव आणि शेवटी डॉट एचटीएमएल' अशी ठेवायची. ब्लॉगरची रचना तीच आहे. मात्र आयात झाल्यावर प्रत्येक लेखाचं नाव जुन्या पत्त्यातल्या नावाशी ताडून पाहायचं. ते तंतोतंत जुळलं की जुना दुवा नव्या घरातही उघडतो.

पाकळीचा ल

साच्याबद्दल लिहितो. तुम्ही सांगितलेल्या तिन्ही खोड्यांची कारणं वेगवेगळी आहेत.

वेलांट्या कापल्या जातात त्या लाइन-हाइटमुळे, म्हणजे अक्षराच्या आकाराच्या किती पट उंची ओळीला दिली आहे त्यामुळे. इंग्रजी साच्यांत शीर्षकाची लाइन-हाइट १.१ ते १.२ असते. रोमन अक्षराच्या वर फारसं काही नसतं, म्हणून तिथे ती चालते. आपल्याकडे 'र्कीं'सारख्या अक्षरात वेलांटी, रफार आणि अनुस्वार असं सगळं डोक्यावर येतं, आणि खाली उकार, ऋकार असतात. मजकुराला १.७५ आणि शीर्षकाला १.४ ठेवा. त्यानंतरही कापलं जात असेल तर साच्यात शीर्षकाच्या चौकटीला ठरावीक उंची दिलेली असते आणि उरलेला भाग लपवलेला असतो. असला साचा दुरुस्त करत बसू नका, दुसरा घ्या.

शिरोरेषेतल्या फटी लेटर-स्पेसिंगमुळे पडतात. शीर्षक ऐसपैस दिसावं म्हणून साचेवाले अक्षरांमध्ये एक-दोन पिक्सेल घालतात. रोमनमध्ये ते शोभतं, देवनागरीत रेघ तुटते. उलट काही साच्यांत ते ऋण असतं, तेव्हा अक्षरं एकमेकांवर चढतात. किंमत शून्य करा, बस.

'तिसऱ्या'चं दुखणं थोडं खोल आहे. हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात नुक्त्याचा 'ऱ', हलन्त आणि 'या'. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारा जोडचिन्हाचा कोड आणि 'या'. दुसऱ्या पद्धतीत तो अदृश्य कोड कॉपी-पेस्ट करताना गळला की रफार होतो आणि 'तिसर्या' असं काहीतरी दिसतं. पहिली पद्धत धरा आणि पंधराही लेखांत शोधून सगळीकडे एकच करा. ती करूनही फोनवर शब्द फुटत असेल तर दोष फॉन्टचा. 'ॲ'चंही तसंच आहे. एकसंध 'ॲ' आणि 'अ'वर चंद्र दिलेला 'अॅ' दिसायला सारखे, पण संगणकाला वेगळे. लेखात एक आणि वाचकाच्या कळफलकावर दुसरा असेल तर ब्लॉगच्या शोधचौकटीत लेख सापडेलच असं नाही.

आता फॉन्ट. मुंबईच्याच 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा 'मुक्ता' घ्या. गूगल फॉन्ट्सवर फुकट आहे, सात वजनांत (अक्षरांच्या जाडीत) मिळतो. सातही चढवू नका, ४०० (साधं) आणि ७०० (ठळक) पुरे. प्रत्येक वजन ही वेगळी फाइल असते आणि लोकलमध्ये नेटवर्क गेलं की तीच आधी अडते. 'तिरो देवनागरी मराठी' दीर्घ वाचनाला फार देखणा आहे, पण त्यात ठळक वजन नाही. साच्याने शीर्षक ठळक मागितलं की ब्राउझर अक्षरं ओढूनताणून जाड करतो आणि 'क्ष', 'ज्ञ'च्या पोकळ्या बुजतात. तो फक्त मजकुराला वापरा, शीर्षकाला मुक्ता ७००. तिरप्या अक्षरांचंही तेच: मुक्तात तिरपं वजन नाही, त्यामुळे माशाची शास्त्रीय नावं सोडून कुठेही इटॅलिक नको.

पानाची भाषा मराठी आहे ही खूणही साच्यात असावी लागते. ती असली आणि फॉन्टमध्ये सोय असली (नोटो सान्स देवनागरीत आहे) तर पाकळीचा ल आणि देठाचा श आपोआप येतात, नाहीतर हिंदी वळणाचे दिसतात. ब्लॉगरमध्ये सेटिंग्जमध्ये भाषा मराठी करा, शिवाय 'एडिट एचटीएमएल'मध्ये अगदी वरच्या टॅगमध्ये 'लँग' आहे का ते बघा. नसेल तर किंमत 'एमआर' देऊन घाला.

साचा निवडताना त्याचा नमुना बघूच नका. तुमचा सगळ्यात लांब शीर्षकाचा लेख, एक उभा फोटो, एक आडवा फोटो आणि ही ओळ टाका: 'तिसऱ्या, मुडदुशी, ऱ्हास, कर्तृत्व, ॲसिड, बर्फीं'. स्वस्तातल्या अँड्रॉइड फोनवर उघडा. तिथे टिकला तो साचा तुमचा.

ओहोटी

दोघांचेही मनापासून आभार. शून्य लेटर-स्पेसिंग करून पाहिलं, रेघ जुळली! ब्लॉगर नक्की करतेय. मग त्यातला कोणता साचा, मुक्ता चिकटवायचा कुठे, आणि डोमेन जोडताना काय सांभाळायचं? एका साइटवर फुकट ब्लॉगर साचे फार छान दिसले, तिथून घेतला तर?

पाकळीचा ल

बाहेरचे फुकट साचे शक्यतो टाळा. पुष्कळांच्या तळाशी बनवणाऱ्याचा दुवा असतो, आणि तो काढला की गुंडाळून लपवलेली जावास्क्रिप्ट (पानात चालणारा कोड) तुमच्या वाचकाला थेट त्यांच्या साइटवर पाठवते. ती संगती सहज लक्षात येत नाही, लोक डोमेनमध्ये दोष शोधत बसतात.

ब्लॉगरच्या स्वतःच्या साच्यांपैकी सोहो आणि एम्पोरिओ चित्रांच्या चौकटींवर भर देतात. तुमच्याकडे वाचायचा मजकूर जास्त आहे, म्हणून नोटेबल किंवा कंटेम्पो. मला नोटेबल पटतो. 

फॉन्टसाठी: थीम उघडा, कस्टमाइझच्या शेजारच्या बाणातून आधी बॅकअप घ्या, मग एडिट एचटीएमएल. गूगल फॉन्ट्सने दिलेली लिंकची ओळ 'हेड' सुरू होतो त्याच्या लगेच खाली चिकटवा. जशीच्या तशी चिकटवलीत तर सेव्ह होताना त्रुटी येईल, कारण ब्लॉगरचा साचा एक्सएमएल आहे. टॅग बंद होण्याआधी तिरपी रेघ हवी आणि पत्त्यातल्या प्रत्येक अँपरसँडनंतर (& या चिन्हानंतर) 'एएमपी' आणि अर्धविराम हवा. लाइन-हाइट आणि लेटर-स्पेसिंगचे नियम मात्र इथे नकोत, ते कस्टमाइझ, ॲडव्हान्स्ड, ॲड सीएसएसमध्ये घाला.

कळफलक

डोमेन जोडणी: सेटिंग्ज, पब्लिशिंग, कस्टम डोमेन. पत्ता तीन डब्ल्यूंसह टाका. लगेच त्रुटी दिसेल, घाबरू नका. त्या त्रुटीतच दोन सी-नेम नोंदी (एक नाव दुसऱ्या पत्त्याकडे वळवणाऱ्या) दिलेल्या असतात. त्या डोमेन विकणाऱ्याच्या डीएनएस पानावर (डोमेन कुठे वळवायचं ते जिथे नोंदवतात तिथे) भरायच्या. 

इथे दोन चुका हमखास होतात. पहिल्या नोंदीच्या नावाच्या रकान्यात फक्त 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' हवं, पूर्ण पत्ता लिहिला की पॅनेल त्याला पुन्हा डोमेन जोडतं आणि नोंद फुकट जाते. दुसरी, विक्रेत्याने 'लवकरच येत आहे' पानासाठी आधीच एक नोंद घालून ठेवलेली असते. ती पुसल्याशिवाय तुमची लागत नाही. तीन डब्ल्यूंविना टाइप करणाऱ्यांसाठी गूगलच्या मदतपानावरच्या चार 'ए' नोंदी (डोमेनला सर्व्हरचा आकडी पत्ता देणाऱ्या) भरा आणि ब्लॉगरमध्ये रीडायरेक्ट चालू करा. सगळीकडे पोचायला एक दिवस धरा. त्यानंतर एचटीटीपीएस चालू करायला विसरू नका.

लेखाचा पत्ता प्रत्येक वेळी हाताने द्या. शीर्षक मराठी असलं की ब्लॉगर अक्षरं टाकून देतो आणि पत्ता 'ब्लॉग-पोस्ट' असा होतो, पुढच्या लेखाला त्यालाच आकडा लागतो. उजवीकडच्या पर्मालिंकमध्ये कस्टम निवडून रोमनमध्ये 'बोंबील', 'मांदेली' एवढंच लिहा. हे प्रकाशित करण्याआधी. नंतर बदलायचं तर लेख पुन्हा मसुद्यात न्यावा लागतो आणि पाठवलेला दुवा तुटतो.

गळ आणि जाळं

मी वेगळं सुचवेन. पुढे 'जानेवारीत माहीमला काय चांगलं मिळतं' असा शोध द्यायचा असेल तर ब्लॉगरची लेबलं (लेखांना लावायच्या विषयाच्या चिठ्ठ्या) तोकडी पडतात. वर्डप्रेसमध्ये महिना आणि बाजार असे दोन स्वतंत्र वर्ग करून दोन्हींवर एकत्र गाळणी लावता येते. तिथेही एक खोच आहे: मराठी पत्ता तसाच ठेवला तर एकेका देवनागरी चिन्हाची नऊ अक्षरं होतात आणि पत्त्याची मर्यादा २०० आहे, म्हणजे बावीस चिन्हांनंतर पत्ता कापला जातो. तिथेही रोमनच लिहा.

कळफलक

गाळणीचा मुद्दा बरोबर आहे, पण पंधरा लेखांना ती लागत नाही. साठ-सत्तर झाले की हलता येईल. तोवर हंगामाचं वेळापत्रक लेख म्हणून न टाकता स्वतंत्र पान करा आणि मेनूत ठेवा. बारा महिन्यांचे बारा स्तंभ फोनवर मावणार नाहीत. एका ओळीत एक मासा आणि तीनच स्तंभ: मासा, महिने, बाजार. यांत्रिक नौकांची १ जून ते ३१ जुलैची बंदी वरती ठळक द्या, वाचक पावसाळ्यात तेच शोधत येतील. 

फोटोंचंही बघा. आहेत तसे चढवलेत तर ४०० फोटो जवळपास २ जीबी होतात. रुंदी १२०० पिक्सेल, वेबपी (वेबसाठीचा हलका चित्रप्रकार) किंवा ७५-८० गुणवत्तेचा जेपीजी केला की एकेक १५० केबीच्या आसपास येतो, सगळे मिळून ६० एमबी. स्क्वूश हे ब्राउझरमध्येच चालणारं साधन यासाठी चांगलं. त्यातून फोटोतली जीपीएस माहितीही निघून जाते. गुणवत्ता ७५च्या खाली नेऊ नका. तुमचा विषय ताजेपणा आहे, आणि जास्त दाबलं की आधी डोळ्याची चकाकी आणि कल्ल्यांचा लाल रंगच चिखलासारखा होतो.

प्रत्येक लेखातला पहिला फोटो आडवा ठेवा, १२०० बाय ६३०. व्हॉट्सॲपच्या पूर्वदृश्यात तोच येतो, आणि तो ३०० केबीच्या आत असू द्या, जड चित्र कित्येकदा दिसतच नाही.

ओहोटी

शेवटचा प्रश्न. डोमेनमध्ये 'मासळी' शब्द हवाय. रोमनमध्ये लिहिला की लोक 'मसाली' वाचतात. डॉट भारत घेऊ का, देवनागरीतच?

पाकळीचा ल

डॉट भारत दिसायला सुंदर, पण काही ॲपमध्ये दुवा चिकटवला की देवनागरी जाऊन एक्स-एन-डॅशने सुरू होणारी अगम्य अक्षरमाळ दिसते आणि लोक फसवणूक समजून उघडत नाहीत. हवं तर जोडीला घ्या, मुख्य पत्ता रोमन ठेवा. 'ळ' असलेला शब्द रोमनमध्ये एकाच तऱ्हेने लिहिला जात नाही, म्हणून तो पत्त्यात नकोच. 'बोंबील', 'ओहोटी', 'टोपली', 'कोयता' असे शब्द बघा. निवडलेला शब्द दोन जणांना फोनवर नुसता सांगा आणि टाइप करायला लावा. दोघांनी सारखं लिहिलं तर लगेच घेऊन टाका. 'मासळी' ब्लॉगच्या शीर्षकात देवनागरीत ठेवा, मोठ्या अक्षरांत, मुक्ता ७००.