मदत हवी आहे: भाच्यासाठी पीसी घ्यावा की प्लेस्टेशन ५?

नमस्कार मंडळी, आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. भाच्याची बारावी झाली, त्याला मनापासून काहीतरी चांगलं घेऊन द्यायचंय. बजेट साठ हजार.

प्लेस्टेशन लावलं की खेळ सुरू, ग्राफिक्स कार्डची चिंता नाही. डिस्कवाला घेतला तर खेळून झालेली डिस्क विकताही येते, म्हणून डिस्क ड्राइव्हशिवाय येणारी डिजिटल एडिशन मला पटत नाही. पण बहुतेक विकतच्या गेम ऑनलाइन खेळायला प्लेस्टेशन प्लस या सेवेची वर्गणी लागते, आणि टीव्ही हॉलमध्ये. संध्याकाळी तो आईचा असतो! पीसीवर ऑनलाइनची वेगळी वर्गणी सहसा नसते, मॉड्स (खेळाडूंनीच गेममध्ये केलेले बदल) मिळतात, कॉलेजचं कोडिंगही होईल.

एवढ्यात मॉनिटरसकट धड पीसी बसेल का? जेल रोडवर जुनं ग्राफिक्स कार्ड घेताना काय तपासावं? अनुभवी लोकांनी कृपया सांगा.