विषय: खानापूरच्या घराची शाकारणी, मेस्त्री कसा पारखावा?

मंडळी, नमस्कार.
खानापूरचं (बेळगावकडचं) कौलारू घर पावसाआधी शाकारून घ्यायचं आहे. माजघरात दोन ठिकाणी गळतं. तिथे फक्त काका-काकू असतात. एक मेस्त्री अंगणात उभा राहूनच "सगळी कौलं बदला" म्हणाला. काम कसं ठरवावं?

---

ताई,
छपरावर न चढता आकडा सांगणाऱ्याला काम देऊ नका. चांगला मेस्त्री आधी माळ्यावर जातो, वाशांवरचे पाण्याचे डाग बघतो आणि वाशाचं भिंतीत गेलेलं टोक स्क्रूड्रायव्हरने टोचतो. लाकूड कुजतं ते तिथेच. टोक मऊ लागलं तर कौलं नवी घालूनही छप्पर खचणार.

गळती नेमकी शोधायची तर पाइपने पाणी खालून वर मारायला सांगा: आधी पागोळीकडच्या (छपराच्या खालच्या कडेच्या) ओळी, मग हळूहळू आढ्याकडे (माथ्याकडे), प्रत्येक पट्ट्यावर दहा मिनिटं. एकजण माळ्यावर बॅटरी घेऊन बसेल. वरून सुरुवात केली की सगळंच भिजतं आणि जागा कळत नाही. काम संपल्यावरही हीच चाचणी घ्या.

कौल उलटं करून पाठीवरचा छाप बघा. कारखाना बदलला की खाचा थोड्या बदलतात आणि दोन छापांची कौलं एकमेकांत घट्ट बसत नाहीत. जुनी शाबूत कौलं एका उतारावर एकत्र लावा, नवी दुसऱ्या उतारावर. मधे मधे मिसळली की फटीतून पाणी आलंच. रिपांचं (कौलं टेकतात त्या आडव्या पट्ट्यांचं) अंतरही हातात असलेल्या कौलावरून घ्यायचं, जुन्या खुणेवरून नाही. पागोळीची रीप बाकीच्यांपेक्षा जाड हवी, नाहीतर शेवटची ओळ खाली झुकते.

हिशेब छपराच्या उतारावर करा. 20 बाय 30 फुटांचं घर जमिनीवर 6 ब्रास (ब्रास म्हणजे 100 चौरस फूट), पण 30 अंशांच्या उताराला छप्पर साधारण 690 चौरस फूट होतं, बाहेर आलेल्या पागोळ्या वेगळ्या. ब्रासला सुमारे 140 कौलं लागतात. फुटीसाठी शेकडा पाच जास्त धरा.

एका वेळी एकच उतार उघडायचा, ताडपत्री हाताशी. वळीव सांगून येत नाही, म्हणून एप्रिलअखेर काम आटोपायला हवं.

— मूळचा शहापूरचा

---

ताई, वरच्या पत्रात पन्हळ राहिली.
दोन छपरं मिळतात तिथली पत्र्याची पन्हळ नीट बघा. माजघर बहुतेक तिथेच गळतं. पानं साचली की पाणी उलटं कौलांखाली चढतं. पत्रा 24 गेजचा घ्या, सांध्याला सहा इंचांचा चढाव, वरचा तुकडा खालच्यावर. कौलाची कड पन्हळीत दोन-तीन इंच उतरलेली असावी. सांधा नुसत्या सिमेंटने बुजवू देऊ नका, ऊन लागलं की तडकतो.

पैशांचं असं: मजुरी वेगळी, सामान वेगळं. सामानाचं बिल काकांच्या हातात आल्यावरच पैसे पाठवा. मजुरीचे तीन हप्ते करा: पहिला उतार पूर्ण झाल्यावर, दुसरा उतार झाल्यावर आणि शेवटचा पाण्याच्या चाचणीनंतर. ठरलेलं कागदावर घ्या, मेस्त्री वाचतो त्या भाषेत, मराठी असो वा कन्नड. त्यात रिपांचं लाकूड, आढ्यावरच्या कौलांचा मसाला (सिमेंट-वाळू 1:4) आणि राडारोडा कोण उचलणार, हे तिन्ही लिहा. शेवटच्या मुद्द्यावरूनच भांडणं होतात.

काकांना वर चढवू नका. मेस्त्रीलाच सांगा, रीप मारल्यावर आणि कौल लावण्याआधी टेप धरून फोटो पाठव. एकदा कौल बसलं की खालचं दिसत नाही.

— मूळची निपाणीची