अनुभव धागा: कॅलरी, व्यायाम न आपल्या नागपूरची फोडणी (नवीन सुरू करणाऱ्यांसाठी)

दिघोरीवाली
वजन कमी करताना खाणं न व्यायाम याचा हिशोब तुम्ही रोजच्या रोज कसा बसवता, यावर नागपूरकरांचे अनुभव हवे आहेत. डाएट प्लॅन ढिगाने सापडतात पण त्यात सगळं ओट्स न ॲव्होकाडो, आणि आपल्याकडे सकाळी कोपऱ्यावर तर्रीचं पातेलं उकळून राहिलं असते, मे महिन्यात पारा ४५ च्या वर, न घरी फोडणीचं तेल किटलीतून थेट कढईत. तर याच्यात राहून ज्यांना जमलं त्यांनी लिहा, नाही जमलं त्यांनीही लिहा.

सुरुवात मी करते. वय ३८, उंची १५८ सेमी, वजन ७८. मिफ्लिन-सेंट जिओर नावाचं १९९० सालचं सूत्र आहे, वजन गुणिले १०, अधिक उंची गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५, आणि बायकांसाठी त्यातून १६१ वजा (पुरुषांनी ५ मिळवायचे). माझं आलं १४१६, म्हणजे दिवसभर पलंगावर पडून राहिली तरी शरीर एवढं जाळते. बैठ्या कामासाठी त्याला १.२ ने गुणलं की १७००. त्याच्यातून साडेतीनशे कमी केले, म्हणजे १३५० च्या आसपास खायचं. बस्स, एवढंच गणित. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी धरतात, त्यामुळे महिन्याला सव्वा-दीड किलोच्या वर अपेक्षाच ठेवली नाही. मैत्रिणी म्हणतात एवढ्यासाठी एवढा खटाटोप? हो, एवढ्यासाठीच.

मिहान_नाइटशिफ्ट
ताई मस्त धागा. माझं सगळं घोडं हातातल्या बँडवर अडलं होतं. बँड म्हणायचा आज ६०० जळल्या, ॲप लगेच म्हणायचं घ्या मग ६०० जास्त खा, न मी शिफ्ट संपली की सकाळी दोन प्लेट तर्री पोहे हाणायचो, वरून तर्री एक्स्ट्रा. वजन ढिम्म. नंतर जिममधल्या एका दादाने समजावलं की सूत्रात तू 'मध्यम हालचाल' निवडून १.५५ ने गुणलंस म्हणजे व्यायाम त्यातच धरला, न वरून बँडच्या कॅलरी परत मिळवल्या, म्हणजे एकच व्यायाम दोनदा मोजला. शिवाय बँडचा कॅलरीचा आकडा अंदाजच असतो, बऱ्याचदा फुगलेला. ८० किलोचा माणूस तासभर बऱ्यापैकी वेगाने चालला तर पावणेतीनशे-तीनशे जळतात, त्यातल्या ८० तर नुसतं बसूनही जळल्याच असत्या. म्हणजे हाती राहिल्या दोनशे. एका समोशात साफ.

आता गुणाकार १.२ चाच ठेवतो, न व्यायामाच्या कॅलरी खात नाही. त्या बोनस.

चिवडा
फुटाळ्याला चालायला जाऊन तिथंच मॅगी खाऊन येणारे, हात वर करा 🙋

मिहान_नाइटशिफ्ट
@चिवडा गाडीने जातो का चालत ते पण सांग

चिवडा
गाडीने. फुटाळ्यावर चालतो. गाडी लावली तिथून मॅगीच्या ठेल्यापर्यंत.

पिपावाल्या_काकू
मी काही ॲप-बिप वापरत नाही बाई. पण एक हिशोब सांगते, तो करून पाहा. आमच्याकडे तेलाचा १५ किलोचा पिपा येतो. चार माणसं, न तो पिपा तीन महिने जातो. पंधरा हजार ग्रॅम भागिले चार माणसं भागिले नव्वद दिवस, रोज माणशी ४१-४२ ग्रॅम तेल. एक ग्रॅम तेलात ९ कॅलरी, म्हणजे पावणेचारशे कॅलरी रोज नुसत्या तेलाच्या, न कोणाला वाटतही नाही की आपण तेल खाल्लं! हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जी मार्गदर्शिका काढली त्यात २००० कॅलरीच्या ताटाला तेल-तूप मिळून २७ ग्रॅम दिलं आहे. आमच्या पिप्यात तूप तर धरलंच नाही, न वडाभातावर, गोळाभातावर जे वरून कच्चं फोडणीचं तेल घेतो ते याच्यातच आहे, पण ते सगळ्यांच्या वाट्याला सारखं थोडी येते? यांच्या ताटात माझ्या दुप्पट.

मग मी केलं एवढंच की रोजचं तेल सकाळी वाटीत काढून ठेवायचं, चार माणसांचे आठ मोठे चमचे, दोन्ही वेळचं. वाटी संपली की संपलं. भाज्या पहिले काही दिवस कोरड्या लागल्या, कुरकुर झाली, मग कोणी काही बोललं नाही. आता पिपा चार महिन्यांच्या वर जाते. सोयाबीन तेल घ्या की करडीचं की घाण्याचं, कॅलरी तेवढ्याच, हे पण लक्षात ठेवा, कारण घाण्याचं तेल 'हलकं' म्हणून लोकं जास्त टाकून राहिले.

दिघोरीवाली
काकू, हे आजच रात्री करून पाहते. आमच्याकडे पाच लिटरचा कॅन आहे, तीन माणसं, न तो महिनाही पुरत नाही 🙈

रामनगरचे_आजोबा
मी निवृत्त, वय ६४, मधुमेह जुना. तरुण मंडळींनी लिहिलेले वाचले. माझ्यासारख्यांसाठी एकच गोष्ट सांगतो, साखरेच्या गोळ्या चालू असतील तर मनाने जेवण कमी करू नका. मी भात बंद केला, पोळ्या निम्म्या केल्या आणि सकाळी अंबाझरीला नेहमीप्रमाणे फिरायला गेलो तर हातपाय थरथरायला लागले, घाम सुटला. सोबतच्याने पेपरमिंटची गोळी दिली म्हणून निभावले. काही गोळ्या अशा असतात की खाणे कमी झाले तरी त्या साखर पाडतच राहतात. डॉक्टरांनी नंतर डोस कमी करून दिला आणि मग जेवणाचे प्रमाण हळूहळू उतरवले. आधी डॉक्टरांकडून गोळी कमी, मग ताट कमी, हा क्रम.

दुसरे, वजनकाट्यापेक्षा मला टेप उपयोगी पडली. आपल्या लोकांत चरबी पोटावर लवकर साठते, म्हणून भारतीयांसाठी कंबरेची मर्यादा पुरुषांना ९० सेमी आणि बायकांना ८० सेमी धरतात. टेप बेंबीच्या आसपास लावायची, पँटच्या पट्ट्याखाली नाही. पोट आत ओढून मोजणारे मित्र माझ्याकडे बरेच आहेत.

मेसचा_पोट्टा
मी हॉस्टेलवर राहतो, खानावळीचा डबा, त्याच्यात काय मोजणार बे? भाजीवर तेल तरंगून राहते. तरी जमवलं थोडंबहुत. वरची तर्री चमच्याने काढून टाकतो, पोळ्या तीन (तेल न लावलेली मध्यम पोळी शंभरेक कॅलरी), भात एकच मूद. प्रोटीनचाच खरा वांधा आहे. मेसचं वरण म्हणजे पिवळं पाणी, एका वाटीत २५ ग्रॅम तुरीची डाळ असली तरी नशीब, म्हणजे ५-६ ग्रॅम प्रोटीन. म्हणून रूमवर इंडक्शनवर दोन अंडी उकडतो नाहीतर ५० ग्रॅम सोया वडी भिजवतो, त्याच्यात २६ ग्रॅम प्रोटीन न साधारण पावणेदोनशे कॅलरी. चव कायची न काय, पण पोट भरते न रात्री अकराला समोशाच्या दुकानाकडे पाय वळत नाहीत.

आणि एक, ॲपमध्ये टाकताना कच्चं की शिजलेलं ते पाहा भाऊ. १०० ग्रॅम कच्चे तांदूळ साडेतीनशेच्या वर, न १०० ग्रॅम शिजलेला भात १३० च्या आसपास. माझा रूममेट शिजलेला भात मोजून कच्च्याचे आकडे टाकायचा न म्हणायचा एवढं खाऊनही भूक कशी काय लागते. अबे, तू खाऊनच नव्हता राहिला ना.

फिजिओ_इन_रेशीमबाग
माझ्याकडे गुडघा, पिंढरी, टाच घेऊन येणाऱ्यांत नवीन धावणारे भरपूर असतात. ८५-९० किलो वजन, पहिल्याच आठवड्यात धावणं सुरू, तेही वस्तीतल्या सिमेंट रोडवर, कारण आपल्याकडे आता गल्लीबोळ सगळे सिमेंटचे झाले. मैदानाच्या मातीवर चाला, आधी काही आठवडे नुसतं चाला, मग एक मिनिट धावणं दोन मिनिटं चालणं. सेमिनरी हिल्सचा चढ चालत चढलात तरी धाप लागते, तो फुकटचा व्यायाम आहे न गुडघ्याला धावण्यापेक्षा सोसतो.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, आणि त्याशिवाय दोन दिवस ताकदीचा. हा दुसरा भाग सगळे गाळतात, बायका तर हमखास. खाणं कमी केलं न वजन उचललं नाही तर चरबीसोबत स्नायूही जातात. घरी खुर्चीवरून उठबस, भिंतीला टेकून दंड, पाच लिटरची पाण्याची कॅन उचलणं, एवढ्यानं सुरुवात होते. आणि हो, नवीन व्यायाम सुरू केला की पहिल्या आठवड्यात काटा वर जाऊ शकतो, दुखऱ्या स्नायूत पाणी धरतं. घाबरून जेवण अजून तोडू नका.

महालात_राहते
इकडे माहेर-सासर दोन्हीकडे महालक्ष्म्या असतात हो. सोळा भाज्या, पुरणपोळी वर तूप, वडे, कढी, आंबील, आणि एका घरी जेवून दुसऱ्या घरी प्रसादाला नाही कसं म्हणणार? मी त्या तीन दिवसांत ॲप उघडतच नाही. महिन्यात बाकीचे सत्तावीस दिवस आहेत ना. दुसऱ्या दिवशी काटा दोन किलो वर दाखवतो पण ती काही दोन किलो चरबी नाही, त्यासाठी पंधरा हजार कॅलरी जास्तीच्या लागतील, एवढ्या पुरणपोळ्या तर मी पण खाऊ शकत नाही 😄 मीठ न पाणी असते ते, आठवड्यात उतरते. पाळीच्या आधीही तसंच होतं, म्हणून मी या महिन्याच्या वजनाची तुलना मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी करते, कालच्याशी नाही.

उन्हाळी_सुट्टी
मे महिन्यावर कोणी लिहिलं नाही. नवतप्यात सकाळी साडेपाचनंतर बाहेर काही खरं नाही, संध्याकाळी आठलाही रस्ता भाजतो. मी तेव्हा घरात कूलरसमोर जिना चढ-उतार करते, आमचं दोन मजली आहे. आणि उन्हाळ्यात खाण्यापेक्षा पिण्याने घात होतो. भूक मेलेली असते म्हणून जेवण कमी झाल्यासारखं वाटते, पण दिवसभरात लस्सी, उसाचा रस, पन्हं, परत आमरसाची वाटी, त्यावर तूप, सोबत तळलेली कुरडई. ताक पाण्यासारखं पातळ करून जिरं-मीठ टाकून प्यायला लागले, तहानही भागते. संत्र्याचंही तेच, सोलून दोन खाल्ली तर पोटाला कळते, रसाच्या एका ग्लासात तीन-चार जातात न तासाभरात परत भूक.

आता_मोजत_नाही
थोडा वेगळा सूर. मी मोजायला लागले न त्यातच अडकले. लग्नात जेवायला बसले की डोक्यात आकडे, लेकीच्या वाढदिवसाला केक खाल्ला म्हणून दुसऱ्या दिवशी उपास. नवऱ्याने हटकलं. मी समुपदेशकाकडे गेले, ॲप काढून टाकलं. आता अर्ध्या ताटात भाजी-कोशिंबीर, पाव ताट वरण किंवा उसळ, उरलेल्यात पोळी-भात. वजन हळू उतरतं पण झोप लागते. ज्यांना आधीपासून खाण्याबद्दल अपराधी वाटतं त्यांनी मोजण्याच्या फंदात पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे, बाकीच्यांनी खुशाल मोजा.

दिघोरीवाली
पटलं. मी पण कायम मोजणार नाहीये, आपल्या स्वयंपाकघराचा अंदाज येईपर्यंतच.

गोळाभात_प्रेमी
सगळं ठीक आहे पण रविवारी पाटोडी रस्सा होणार आहे आमच्याकडे. तो ॲपमध्ये सापडून नाही राहिला. सोडू का?

पिपावाल्या_काकू
सोडायचा कायले? सामान सांग, किती जणांचा?

गोळाभात_प्रेमी
चार जणं. बेसन पाव किलोला थोडं कमी, २०० ग्रॅम. तेल पाटोडीत एक मोठा चमचा न रश्शाला पाच. सुकं खोबरं ४० ग्रॅम, खसखस १०, कांदे दोन मोठे.

दिघोरीवाली
काकू थांबा, मी करते. बेसन ७७०, तेल सहा चमचे म्हणजे ७२०, खोबरं २६०, खसखस ५०, कांदे ८०. बेरीज १८८०, माणशी ४७०. रश्शाचं तेल पाचाऐवजी दोन चमचे केलं तर ३६० कमी, माणशी ३८०. खोबरं-खसखस भाजताना वेगळं तेल टाकू नका, खोबऱ्याला स्वतःचंच सुटते. भाकरी धरली नाही, तिचे वेगळे टाका.

गोळाभात_प्रेमी
दोन चमच्यात तर्री कशी येईल पण??

पिपावाल्या_काकू
तिखट तेलात टाकताना गॅस बंद कर, करपू देऊ नको, लगेच वाटण टाक न झाकण ठेवून बारीक आचेवर शिजव. रंग येते. तरंग कमी दिसेल, तेवढं चालवून घे.