‘सिन्स इन्सेप्शन’ म्हणजे नेमकं केव्हापासून?

पंचवटीकर: आमच्या पतसंस्थेचा वार्षिक अहवाल मराठीत करतोय. इंग्रजी मसुद्यात ‘सिन्स इन्सेप्शन’ आहे, मी ‘स्थापनेपासून’ लिहिलं. सचिव म्हणतात, चालणार नाही. नोंदणी मार्चमधली, पहिली ठेव दसऱ्याला घेतली आणि सगळे आकडे दसऱ्यापासूनचे. मग लिहू काय?

जमाखर्च: ‘कामकाज सुरू झाल्यापासून’. म्युच्युअल फंडाच्या पत्रकातही इन्सेप्शनची तारीख म्हणजे युनिटांचं वाटप झालं तो दिवस असतो.

गंगाघाट: ‘उगमापासून’ का नको? आपल्या नाशकाला शोभेल.

पंचवटीकर: ताई, उगम नदीचा, पतसंस्थेचा नव्हे. आणि आपल्या गंगेचा, म्हणजे गोदावरीचा, उगम तरी कुठला धरायचा? तो ब्रह्मगिरीवर, पण त्र्यंबकेश्वरच्या कुशावर्त कुंडात स्नान करून लोक उगमाला जाऊन आलो म्हणतात.

धातुपाठ: इन्सेप्शनच्या मुळाशी लॅटिन ‘कापेरे’ आहे, म्हणजे घेणे, पकडणे. ‘आरंभ’मधल्या रभ् धातूचाही अर्थ पकडणे असाच. दोन्ही भाषांना सुरुवात म्हणजे काम हाती घेणं वाटलं, हे मला फार सुंदर वाटतं. ‘स्थापना’ म्हणजे नुसतं उभं करणं. त्यामुळे ‘आरंभापासून’च बरोबर.

सटाणकर: आमच्याकडे हे शेतात रोज बोललं जातं. डाळिंबाचा बहार, म्हणजे फुलं-फळं येण्याचा हंगाम, आम्ही ‘सुरू करत’ नाही, ‘धरतो’. यंदा हस्त बहार धरला, गेल्या वर्षी मृग धरला होता. आधी पाणी तोडून बाग ताणावर सोडायची, मग छाटणी, पानगळ, खतं. पण बहाराचे दिवस मोजतो ते पहिल्या पाण्यापासून. ताणात बाग वाळकी दिसते तेव्हा कुणी बहार धरला म्हणत नाही. तुमचे सचिव बरोबर आहेत. नोंदणी हा ताण, पहिली ठेव हे पहिलं पाणी.

भगूरकर: वर कुणीतरी ‘सुरू’ आणि ‘तारीख’ लिहिलंय, दोन्ही अरबी. दिनांक, महापौर हे शब्द देणाऱ्या सावरकरांचं भगूर याच जिल्ह्यात आहे. निदान अहवालात तरी ‘प्रारंभ दिनांक’ लिहा.

जमाखर्च: सभासद ठेवीची मुदत विचारायला येतो तेव्हा ‘तारीख’च विचारतो. अहवाल त्याच्यासाठी आहे.

भगूरकर: महापौरही आधी कुणी म्हणत नव्हतं. वापरला म्हणून रुळला.

धातुपाठ: आणि सटाणकर, ‘बहार’ फारसी आहे, तोही काढायचा का?

सटाणकर: काढून दाखवा. मृग बहाराला दुसरं नाव सांगा, उद्या मार्केटमध्ये तेच बोलतो.

भगूरकर: मोहोर.

सटाणकर: मोहोर आंब्याला येतो, दादा. डाळिंबाला कळी लागते. आणि कळी धरत नाहीत, कळी निघते.

पंचवटीकर: अहवाल सोमवारी छपाईला जातोय. कंसात दसऱ्याची तारीख टाकली तर चालेल का?

गंगाघाट: पण आंबे बहार डाळिंबालाच का म्हणतात मग?

सटाणकर: आंबा मोहरतो त्या हंगामात धरतात म्हणून. संत्र्याचाही असतो.