मदत हवी आहे: बुरशी लागलेल्या जुन्या ऑस्ट्रेलियन ग्रामोफोन तबकड्या कशा वाचवायच्या?
नमस्कार मंडळी,
मी मेलबर्नला राहतो, इथल्या जुन्या कंट्री गाण्यांच्या ७८ आरपीएम (मिनिटाला ७८ फेरे) तबकड्या जमवतो. नुकताच टेक्स मॉर्टन आणि बडी विल्यम्स या जुन्या कंट्री गायकांच्या तबकड्यांचा एक गठ्ठा हाती लागला. लेबल रीगल झोनोफोन कंपनीचं, नंबर 'जी'ने सुरू होणारे. मॉर्टनचं ध्वनिमुद्रण सिडनीत १९३६ ला सुरू झालं, विल्यम्सचं १९३९ ला. इथला प्रसिद्ध कंट्री गायक स्लिम डस्टी सगळ्यांना आठवतो, पण त्याच्या आधी वाट पाडली ती या दोघांनी. म्हणूनच हा गठ्ठा वाया जाऊ द्यायचा नाही.

खाचांमध्ये पांढरी बुरशी बसली आहे. या तबकड्या लाखेच्या, त्यांना अल्कोहोल अजिबात चालत नाही, लाख विरघळते. मग डिस्टिल्ड पाण्यात सौम्य साबणाचे थेंब घालून धुतलं तर चालेल का? कागदी लेबल कोरडं कसं ठेवता?

माझ्या टर्नटेबलला एलपीची बारीक सुई आहे. ७८ च्या रुंद खाचेला साधारण ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) लागते. मेलबर्नमध्ये चांगली कुठे मिळेल?

दोन तबकड्यांना काठापासून केसाएवढी चीर गेली आहे. त्या एकदा वाजवून डिजिटल करून घ्याव्यात, की सुई लावूच नये? कुणी असं काम केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.