मदत हवी आहे : खानापूर शाखेत बॅकअप सुरू झाला की फोनचा आवाज तुटतो

पतसंस्थेच्या खानापूर शाखेत १०० एमबीपीएस डाउनलोड, २० अपलोडची फायबर लाइन आहे. मायक्रोटिक राउटर, त्याखाली २४ पोर्टचा मॅनेज्ड स्विच, ६ आयपी फोन. बॅकअप बेळगावच्या मुख्य कार्यालयात जातो. तेव्हा पिंग (पॅकेट जाऊन परत यायला लागणारा वेळ) १२ वरून २८० मिलिसेकंदांवर चढतो. ग्राहकाला रक्कम दोनदा विचारावी लागते, हे बरं नाही.

आतापर्यंत केलेलं : राउटरमधला फास्टट्रॅक (पॅकेट झटपट पुढे पाठवणारी सोय) बंद (चालू असला की पॅकेट क्यूला, म्हणजे रांगेला, वळसा घालून जातात). क्यू ट्रीत (रांगांच्या उतरंडीत) मुख्य क्यूला अपलोडसाठी १८ एमबीपीएस मॅक्स-लिमिट (कमाल वेग), म्हणजे रांग आपल्याच राउटरमध्ये लागेल. त्याखाली आवाजाला प्रायोरिटी १ (सर्वांत वरची) आणि १ एमबीपीएस लिमिट-अ‍ॅट (राखीव वेग), जी.७११ (फोनचा आवाजाचा कोडेक) चा एक कॉल साधारण ८७ केबीपीएस खातो, त्यामुळे पुरेसं आहे. बॅकअपला प्रायोरिटी ८. मँगलमध्ये (पॅकेटांवर खूण करणाऱ्या राउटरच्या नियमांत) डीएससीपी (पॅकेटमधली प्राधान्याची खूण) ४६, म्हणजे आवाजाची, असलेल्या पॅकेटांना मार्क.

अडचण अशी, की कॉल चालू असतानाही आवाजाच्या क्यूचा काउंटर शून्यच. टॉर्चमध्ये (राउटरवरची वाहतूक दाखवणाऱ्या साधनात) त्या पॅकेटांचा डीएससीपी ० दिसतो, फोनच्या सेटिंगमध्ये मात्र ४६ आहे. म्हणजे खूण स्विचवरच पुसली जातेय, असा दाट संशय.

१) स्विचवर डीएससीपी ट्रस्ट (आलेली खूण तशीच मान्य करणं) फक्त फोनच्या पोर्टवर लावायचं की अपलिंकवरही (राउटरकडे जाणाऱ्या पोर्टवर)? फोनमागे पीसी जोडलेत, सगळ्यांवर विश्वास ठेवायला मन धजत नाही.
२) त्यापेक्षा व्हॉइस व्हीलॅनवरूनच (फोनसाठीच्या वेगळ्या आभासी नेटवर्कवरून) मार्क करणं बरं का?

पोर्ट मिररिंग (पोर्टवरच्या पॅकेटांची नक्कल दुसऱ्या पोर्टवर घेणं) करून वायरशार्कने (पॅकेट वाचणाऱ्या सॉफ्टवेअरने) तपासायचं बाकी आहे. निपाणी-बेळगावकडे कुणी अशी जोडणी केली असेल तर सेटिंग सांगा.