शंभर तासांच्या खेळाला गिऱ्हाईक उरलंय का?

सातरस्ता

रविवारी जुळे सोलापुरात एका मित्राच्या गच्चीवर वाद पेटला, शेंगा संपल्या तरी मिटला नाही, म्हणून इथे फोरमवर धागा काढतोय. विषय पाश्चात्त्य आरपीजी. म्हणजे अमेरिका, कॅनडा, युरोपात बनणारे ते लांबलचक खेळ, ज्यात पात्र आपण घडवायचं, कुणाशी काय बोलायचं ते आपण ठरवायचं आणि ऐंशी-शंभर तास त्या जगात मुक्काम ठोकायचा. माझं मत असं की मोठ्या कंपन्यांच्या हातून हा धंदा सुटत चाललाय. टिकला तर मधल्या आकाराच्या स्टुडिओंत टिकेल.

बायोवेअरचंच बघा. १९९५ साली कॅनडातल्या एडमंटनमध्ये डॉक्टरकी शिकलेल्या मंडळींनी काढलेली कंपनी. १९९८ चा पहिला 'बाल्डर्स गेट' त्यांचा, २००७ चा 'मास इफेक्ट' त्यांचा. त्याच वर्षी ईए या बड्या अमेरिकी गेम कंपनीने बायोवेअर विकत घ्यायचं जाहीर केलं. 'ड्रॅगन एज: इन्क्विझिशन' आला २०१४ मध्ये आणि पुढचा भाग 'द व्हेलगार्ड' थेट ऑक्टोबर २०२४ मध्ये. दहा वर्षं! मधल्या काळात तो सगळ्यांनी मिळून ऑनलाइन खेळायचा करायला घेतला, मग पुन्हा उसवून एकट्याचा केला. शेवटी ईएने सांगितलं, तिमाहीत सुमारे १५ लाख लोक खेळले, अपेक्षा जवळपास दुप्पट होती. मग स्टुडिओतली माणसं इकडेतिकडे वाटली गेली, काही घरी गेली.

आता उलट बाजू. फ्रान्समधल्या माँपेलिए शहरातला सँडफॉल, गाभ्याची टीम तीसेक माणसांची. त्यांचा 'एक्सपेडिशन ३३' एप्रिल २०२५ मध्ये आला, तीन दिवसांत १० लाख प्रती गेल्या, ऑक्टोबरपर्यंत ५० लाख. डिसेंबरमध्ये वर्षातला सर्वोत्तम खेळ म्हणून पुरस्कारही घेऊन गेला. प्रागच्या वॉरहॉर्सचा 'किंगडम कम: डिलिव्हरन्स २' पंधरवड्यात २० लाखांवर.

सोलापूरकराला हे ओळखीचं वाटायला हवं. लक्ष्मी-विष्णू गेली, नरसिंग गिरजी गेली, जुन्या मिलच्या नुसत्या चिमण्या लोकांच्या आठवणीत राहिल्या. चादर मात्र गल्लीबोळातल्या यंत्रमागांवर निघतच राहिली. बोला.

बाळीवेस

गिरणीचं उदाहरण ऐकायला झकास, पण गैरलागू.

'बाल्डर्स गेट ३' तुझ्या कुठल्या खान्यात बसतो? बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओने तो सहा वर्षं केला, शेवटी शेवटी चारशेच्या वर माणसं त्यावर होती. हा गल्लीतला माग आहे का? 'विचर ३' च्या ५ कोटींहून जास्त प्रती गेल्या. 'स्कायरिम' ६ कोटींच्या पुढे. 'सायबरपंक २०७७' डिसेंबर २०२० मध्ये असा कच्चा आला की सोनीने आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला, सहा महिने परत घेतला नाही. तरी त्या एका महिन्यात १ कोटी ३७ लाख प्रती विकल्या गेल्या होत्या, आणि २०२४ अखेर ३ कोटी. गिऱ्हाईक उरलंय का म्हणून विचारतोस? गिऱ्हाईक तर तुटका मालसुद्धा घेऊन गेलं!

आकार सोड. खुर्चीत बसलेला माणूस हा प्रकार स्वतः खेळतो का, तेवढं विचार. लॅरियनचा मालक स्वतः खेळ बनवणारा, त्याने खेळ स्वतःच प्रकाशित केला, आत एक रुपयाची वरकड खरेदी ठेवली नाही. ईएच्या साहेबांनी 'व्हेलगार्ड' आपटल्यावर काय निदान केलं? लोकांना आता एकत्र खेळायच्या सोयी हव्यात म्हणे. पेशंटला ताप, आणि डॉक्टर सांगतोय चष्मा लावा.

सातरस्ता

'सायबरपंक' करणारी पोलंडची कंपनी वॉर्साच्या शेअर बाजारात आहे, तिथे कुठे एकटा मालक? एका वर्षात तीनदा तारीख पुढे ढकलली आणि तरी कच्चाच दिला. ते सावरायला तीन वर्षं गेली. एवढी गंगाजळी नसती तर? तू वाचलेले तेवढे मोजतोयस.

बाळीवेस

आणि तू जिंकलेले लहान तेवढे मोजतोयस. तीस-चाळीस माणसांचे किती स्टुडिओ दरवर्षी गुपचूप बंद होतात, त्यांच्या नावाने धागा निघत नाही. शिवाय 'एक्सपेडिशन ३३' पाश्चात्त्य आरपीजी कसा? आळीपाळीने वार करायचे, सोबतची पात्रं ठरलेली, कथा ठरलेली. सगळा बाज जपानी. तुझा हुकमी एक्का दुसऱ्याच कॅटमधला आहे.

सातरस्ता

फ्रान्स काय जपानात आहे का बे?

गड्ड्याचापाळणा

तुम्ही सगळे डॉलरमध्ये बोललालाव. मी गल्ल्यावरून बोलतो. आपला गेमिंग कॅफे आहे, आठ मशीन, तासाला ४० रुपये. पोरं येतात, 'व्हॅलोरंट' लावतात, 'काउंटर-स्ट्राइक' लावतात, कुणी 'जीटीए' त नुसती गाडी फिरवतं. बाकी सगळं गाव मोबाइलवर 'बीजीएमआय' मध्ये, म्हणजे पबजीच्या भारतातल्या अवतारात. ते मध्ये दहा महिने बंद होतं ना, २०२२ च्या जुलैपासून, तर पोरं सुतकात असल्यासारखी बसायची.

आरपीजी? एक पोरगं यायचं, कॉलेजचं. 'विचर ३' लावायचं, कोपऱ्यातलं तीन नंबरचं मशीन. पंधरा दिवस सलग आलं. सोळाव्या दिवशी आलं तर सेव्ह, म्हणजे साठवलेला खेळ, गायब. कुणीतरी त्याच खात्यावर नवा खेळ सुरू करून वरच लिहून टाकलेलं. पोरगं काय बोललं नाही, बॅग उचलली आणि गेलं. परत आलं नाही. म्हणून म्हणतो, हे खेळ आपल्याकडे धंद्याचे नाहीत. ज्याच्या घरी मशीन, त्याची चैन.

कडकभाकरी

पाळणेवाले, तुमची गोष्ट वाचून पोटात गलबललं. 'विचर' चा नायक गेराल्ट, पंधरा दिवसांचा!

पण धंद्याचं म्हणाल तर तुम्ही सगळे पहिल्या आठवड्याच्या आकड्यांवर भांडताय आणि या प्रकाराची कमाई तिथे संपतच नाही. 'स्कायरिम' २०११ चा. मी तो कॉलेजात भावाच्या मशीनवर खेळले, मग नोकरी लागल्यावर सेलमध्ये स्वतःच्या पैशांनी घेतला, मग निन्टेंडोच्या स्विचवर पुन्हा घेतला. एकाच गिऱ्हाइकाने एकच माल, एकदा फुकट आणि दोनदा विकत. 'फॉलआउट ४' २०१५ चा, एप्रिल २०२४ मध्ये 'फॉलआउट' च्या जगावरची टीव्ही मालिका आली आणि नऊ वर्षं जुन्या खेळावर पुन्हा झुंबड उडाली.

याच्यासमोर बायोवेअरचाच 'अँथम' ठेवा. २०१९ चा, सगळ्यांनी मिळून खेळायचा. जानेवारी २०२६ मध्ये त्याचे सर्व्हर बंद. आता तो फुकट दिला तरी चालत नाही. सोनीचा 'कॉनकॉर्ड' तर दोन आठवड्यांत गुंडाळला. ज्याला 'चालू ठेवायचा खेळ' म्हणतात तो बंद पडला की शून्य, आणि ज्याला 'संपणारा खेळ' म्हणतात तो पंधरा वर्षं विकला जातो. कुठली गुंतवणूक शहाणपणाची, हे सांगायला मला शेअर बाजार कळायची गरज नाही. (पुणे-सोलापूर गाडीत बसून लिहितेय, दौंडनंतर रेंज गेली तर उत्तराची वाट पाहू नका.)

अक्कलकोटरोड

मी खेळत नाही, मुलगा खेळतो. त्याने हा धागा वाचायला दिला कारण यात मागांचं नाव निघालंय. एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे, वडिलांच्या वेळेला चादरी होत्या.

सातरस्ता, गिरण्या गेल्या आणि माग तरले, एवढीच गोष्ट सांगू नका. माग पण भंगारात गेलेत, किलोवर. चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी पानिपतचा स्वस्त माल सोलापुरी म्हणून बाजारात खपतोच. लहान असणं म्हणजे सुरक्षित असणं नव्हे.

मुलाने मला या खेळांचा खर्च समजावला. मला त्यात एकच गोष्ट दिसली, ती तुमच्यापैकी कुणी बोललं नाही. सूत आज घ्यायचं, पगार दर शनिवारी वाटायचा आणि माल विकायचा सहा वर्षांनी. आमच्याकडे सहा महिने माल पडून राहिला तर बँकेचा माणूस दारात येतो. दहा वर्षांत डिझाइन दोनदा बदलून केलेली चादर कितीही चांगली निघाली तरी व्याज सुटत नाही. मोठा असो की लहान, ज्याचा पैसा जास्त दिवस अडकला तो मेला.

त्या बेल्जियमवाल्यांनी काय केलं ते विचारा. मुलगा सांगतो, त्यांनी ऑक्टोबर २०२० लाच अर्धामुर्धा खेळ पूर्ण किमतीला विकायला काढला आणि पूर्ण केला ऑगस्ट २०२३ ला. तीन वर्षं गिऱ्हाइकाचा पैसा आत येत होता आणि माल कसा हवा तेही गिऱ्हाईकच सांगत होतं. त्याआधीचे दोन खेळ लोकांकडून वर्गणी काढून केले. ह्याला आम्ही ऑर्डरवर उचल घेणं म्हणतो. ज्याच्या शब्दावर उचल मिळते तो टिकतो.

बाळीवेस

काका, मान गये. पण उचल मिळायला आधी नाव लागतं ना? त्यांचं नाव वीस वर्षांच्या खेळांनी झालेलं. नव्या पोराला कोण देणार? आपल्या पुण्यातल्या पोरांनी 'राजी' केला, २०२० मध्ये आला, जगभर कौतुक झालं. आरपीजी नव्हे, पण आपला. त्यांनाही घाम फुटला होता पैसे उभे करताना.

अक्कलकोटरोड

नाव नसेल तर लहान माल आधी काढायचा. रुमाल विका, मग टॉवेल, मग चादर. पहिल्याच दिवशी राजवाड्याचा गालिचा कशाला विणायला बसता.

सातरस्ता

काकांचा मुद्दा मान्य, माझं विधान दुरुस्त करतो: आकारापेक्षा पैसा किती वर्षं अडकतो ते बघा. पण तिथेही मोठेच फसतात. 'स्कायरिम' चा पुढचा भाग 'एल्डर स्क्रोल्स ६', त्याची घोषणा जून २०१८ ची, तेव्हा मी अकरावीत होतो. आता मुली बघायला सुरुवात झालीय. खर्च वसूल करायला किंमत चढवावी तर तीही चढत नाही. मायक्रोसॉफ्टने 'आउटर वर्ल्ड्स २' ८० डॉलरला जाहीर केला आणि बोंब झाल्यावर ७० वर आणला.

बाळीवेस

मुली बघायला सुरुवात झालीय, म्हणूनच शंभर तासांची चिंता लागलीय तुला.

कडकभाकरी

रेंज आली. किमतीवरून एक राहिलं. आपल्याकडे 'बाल्डर्स गेट ३' तीन हजारांच्या आसपास, वर दीडशे जीबी जागा. इतका मजकूर वाचायचा तोही इंग्रजीत, नाहीतर पोलिश, तुर्की, युक्रेनियनमध्ये. हिंदी नाही, मराठी तर सोडाच. मग म्हणायचं भारतात गिऱ्हाईक नाही.

आणि पाळणेवाले, त्या पोराचं सेव्ह वाचलं असतं. कॅफेच्या एकाच खात्यावर सगळे खेळतात म्हणून पुसलं गेलं. त्याने स्वतःचं खातं काढून सेलमध्ये स्वतः खेळ घेतला असता, तर सेव्ह ऑनलाइन राहतं. तीन नंबरवर बसा नाहीतर आठ नंबरवर, जिथे सोडलं तिथून सुरू.

गड्ड्याचापाळणा

म्हणजे खेळ त्यानं घ्यायचा आणि मशीन माझं?

कडकभाकरी

हो. आणि तासाचे पैसेही तुमचे.

गड्ड्याचापाळणा

थांबा. शंभर तास गुणिले ४०. चार हजार. एका पोराकडून, एका खेळाचे. 'व्हॅलोरंट' वाली चौघं मिळून महिन्याला एवढं देत नाहीत, वर शिव्या देऊन हेडफोन मोडतात.

कुणाच्या ओळखीत असेल तर त्या पोराला निरोप द्या. उंच आहे, चष्मा, बहुतेक विजापूर रोडच्या बाजूला राहतं. म्हणावं तीन नंबर मोकळं ठेवलंय, पहिले पाच तास माझ्याकडून.

बाळीवेस

पाच? पंधरा दिवसांचं पुसलं तुम्ही त्याचं.

गड्ड्याचापाळणा

दहा. आता गप बस.